विषय क्रमांक चार : गळती

आमच्या पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयाची इमारत किती साली बांधली, हा प्रश्न दिसायला सोपा आहे. इमारतीवर साल लिहिलेले आहे. अडचण एवढीच की ते तीन ठिकाणी लिहिलेले आहे आणि तिन्ही ठिकाणी वेगळे आहे. दर्शनी कमानीवर चुन्यात शके आहे, जिन्यातल्या पाटीवर इसवी सन आहे, आणि रबरी शिक्क्यात ‘स्थापना’ म्हणून जे साल आहे त्याचे या दोघांशीही जमत नाही. चौथा पुरावा म्हणजे मूळ कोनशिला. ती वॉटर कूलरच्या मागे गेली आहे. कूलर एका दात्याने वडिलांच्या स्मरणार्थ दिला. त्यावर दात्याचे नाव आहे, वडिलांचे नाव आहे, उद्घाटकाचे नाव आहे. पाणी तेवढे नाही. तो हलवावा म्हटले तर दात्याचे चिरंजीव कार्यकारिणीत आहेत. कूलर आणि भिंत यांच्या फटीत मोबाइलचा दिवा धरून मान तिरकी केली की ‘यांचे शुभहस्ते’ एवढे दोन शब्द वाचता येतात. कोणाचे, ते कूलरच जाणे.

यंदा कार्यकारिणीला शतकोत्तर रौप्यमहोत्सव करावासा वाटला. महोत्सव म्हटला की स्मरणिका आली, स्मरणिका म्हटली की जाहिराती आल्या, आणि दोन जाहिरातींच्या मधे काहीतरी छापावे लागते म्हणून इतिहास आला. कार्यवाह संध्याकाळी घरी आले.

“तुम्ही लिहिता ना?”

“विनोदी लिहितो.”

“चालेल. इतिहास कोण वाचतंय? फक्त कोणाचं नाव राहता कामा नये.”

“साल कोणतं धरायचं?”

“सव्वाशे वर्षं बसतील ते धरा.”

इतक्या स्पष्ट सूचना मोठमोठ्या इतिहासकारांनाही मिळत नसतील. मी कामाला लागलो.

आपला इतिहास लिहिण्याआधी दुसऱ्यांचा पाहून घ्यावा, ही सवय मला शाळेतल्या परीक्षांपासून आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे, कल्याणचे १८६४ चे. आरंभीच्या काळात नावेही एका साच्यातली, ‘नेटिव्ह लायब्ररी’, ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. पुढे पुण्यात आणि कोल्हापुरात त्यांची नगर वाचन मंदिरे झाली. नाव बदलायला एक रंगारी पुरतो. कौले बदलायला निधी लागतो, त्यामुळे आपल्याकडे नावे वेळच्या वेळी बदलली जातात. मग १८९३ साली ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांनी खास मराठी ग्रंथांचे संग्रहालय काढले आणि पाच वर्षांनी मुंबईकरांनीही काढले. ठाण्याने एखादी गोष्ट मुंबईच्या आधी केल्याचे हे उदाहरण ठाणेकर आजही लोकलमध्ये उभ्याने सांगतात.

हे सगळे वाचून माझी छाती दडपली. पण इमारतींच्या कथा वाचू लागलो तसा धीर आला. मुंबईत साहेबलोकांनी लिटररी सोसायटी काढली १८०४ साली. तिला ज्यात बसायचे तो टाउन हॉल पुरा व्हायला १८३३ उजाडले. मधल्या काळात पैसे जमवायला त्यांनी काय केले असेल? लॉटरी काढली! ग्रंथप्रेमी माणसाच्या खिशातून ग्रंथासाठी पैसा निघत नाही, बक्षिसासाठी निघतो, हे साहेबाला दोनशे वर्षांपूर्वी कळले होते. लॉटरीचेही पैसे पुरले नाहीत आणि शेवटी सरकारला हात घालावा लागला, हे वाचून तर मला तो टाउन हॉल एकदम आमच्या पेठेतला वाटायला लागला. त्यातही खांबांची गोष्ट अशी सांगतात, की ते विलायतेहून जहाजाने आले आणि उतरवून बघतात तो आवाक्याबाहेर मोठे. जोडीजोडीने उभे करायचे ठरले होते, ते समोर आठच उभे केले आणि उरलेले भायखळ्याच्या चर्चला दिले. माप न घेता माल मागवण्याची परंपरा आमच्या इमारत समितीने सुरू केलेली नाही, हे मी अधोरेखित करून ठेवले. त्या टाउन हॉलला समोर तीस पायऱ्या आहेत. तेवढ्या चढून गेलेल्या वाचकाला पहिला अर्धा तास ग्रंथ नको असतो, खुर्ची हवी असते.

दुसरे उदाहरण डेव्हिड ससून लायब्ररीचे. मूळ संस्था १८४७ ची, टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण कारागिरांची. इमारत उठली १८७० साली. खर्च सव्वा लाख रुपये. त्यातले साठ हजार ससूनशेटचे, बाकीचे सरकारचे. नाव मात्र संपूर्ण इमारतीला ससूनचे, आणि आत पुतळाही त्यांचाच. ही हकीगत मी आमच्या अध्यक्षांना सांगितली. ते निवृत्त बँक मॅनेजर आहेत.

“म्हणजे शेकडा अठ्ठेचाळीस,” ते डोळे मिटून म्हणाले. “आपण तर शेकडा दोनलासुद्धा नाव देतो.”

ते खरे आहे. आमच्याकडे कपाट देणाऱ्याचे नाव कपाटाच्या काचेवर लिहिण्याची पद्धत आहे. नाव, गाव, कोणाच्या स्मरणार्थ, पुण्यतिथी, सौजन्य, असे सगळे तैलरंगात लिहून झाले की काचेतून आतली पुस्तके दिसत नाहीत. चरित्रांच्या कपाटावर दात्याचेच चरित्र आहे.

अमेरिकेतल्या अँड्र्यू कार्नेगीने जगभरात अडीच हजारांवर ग्रंथालयांच्या इमारती बांधून दिल्या. त्याची अट अशी की इमारत मी देतो, पण ती चालवायला दरसाल तिच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम गावाने द्यायची. ही अट त्याने आमच्या नगरपालिकेत येऊन सांगितली असती, तर तो आजतागायत फाइल घेऊन जिन्यात उभा असता.

असो. आता आमचे.

पहिले इतिवृत्ताचे पुस्तक मोडीत आहे. गावात मोडी वाचणारे एकच निवृत्त गुरुजी उरले आहेत. त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक उघडले आणि तासभर एकट्यानेच हसत राहिले. मी आशेने विचारले, “इमारतीबद्दल काही आहे का?”

“इमारतीबद्दल नाही. तुमच्या पणजोबांची वर्गणी थकलेली आहे.”

“किती?”

“चार आणे. तीन वेळा तगादा लावलाय. तिसऱ्या खेपेला ‘घरी असून नाहीत म्हणून सांगितले’ अशी नोंद आहे.”

पलीकडे पुस्तकांना पाठपट्ट्या चिकटवत बसलेल्या ग्रंथपाल बाईंनी मान वर केली. “व्याज लावायचं का?” त्यांनी विचारले. त्या विनोदाने बोलत होत्या असे मी धरून चाललो आहे.

दुसरे पुस्तक गहाळ आहे. आणि इमारत बांधली गेली ती नेमकी त्याच वर्षांत. देवघेव नोंदवहीत ते एका सभासदाला ‘घरी वाचण्यास’ दिल्याची नोंद आहे. संस्थेचे इतिवृत्त घरी वाचायला नेणारा सभासद कसा असेल, या विचाराने मी बराच वेळ थक्क होतो. त्याच्या नावावर शाई सांडली आहे. परत आल्याची नोंद नाही.

त्यामुळे इमारतीच्या जन्माची कथा तोंडी परंपरेने ऐकावी लागली, म्हणजे प्रत्येक तोंडाची वेगळी. एवढ्यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे की हा मुळात एका सावकाराचा वाडा. शेवटच्या दिवसांत त्यांना पुण्य हवेसे वाटले. देवळाला द्यावा तर पुजाऱ्याशी बोलणे नव्हते, शाळेला द्यावा तर मुलांचा आवाज सहन होत नव्हता. वाचनालयात माणसे गप्प बसतात असे कोणीतरी त्यांना सांगितले. मृत्युपत्रात अटी होत्या. तसबीर दर्शनी भागात लावावी. पुण्यतिथीला हार घालावा. मागच्या खोलीत घरच्या लोणच्याच्या बरण्या ठेवण्याचा हक्क वारसांकडे राहावा. आणि वाचनालयात कादंबऱ्या ठेवू नयेत, त्यांनी घरातल्या बायका बिघडतात.

शेवटच्या अटीने तेव्हाची कार्यकारिणी हादरली, कारण निम्म्याहून अधिक संग्रह कादंबऱ्यांचाच होता आणि बाकीचा कोणी नेत नव्हते. पण समितीत एक वकील होते. ऐतिहासिक कादंबऱ्या ‘इतिहास’ या कपाटात गेल्या. सामाजिक कादंबऱ्या ‘समाजशास्त्र’ झाल्या. रहस्यकथांचे काय करावे यावर दोन सभा खर्ची पडल्या. अखेर त्या ‘कायदा’ या कपाटात बसवल्या. त्या अजून तिथेच आहेत. मध्यंतरी एक तरुण वकील पुराव्याचा कायदा मागायला आला आणि बाबूराव अर्नाळकरांची चार पुस्तके घेऊन गेला. वकिली कशी चालली आहे माहीत नाही, पण दर आठवड्याला येतो.

तिसऱ्या इतिवृत्तापासून भाषा मराठीच, लिपी बाळबोध आणि मजकूर एकच. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. विषय क्र. ४ : इमारतीच्या गळतीबाबत विचार करणे. विचार करण्यात आला. विषय पुढील सभेकडे वर्ग करण्यात आला.’ अध्यक्ष बदलतात, सह्या बदलतात, दौतीची शाई जाऊन बॉलपेन येते, पण विषय क्रमांक चार आपली जागा सोडत नाही. गळते म्हणून कौले काढून पत्रे घातले. पत्रे गळतात म्हणून स्लॅब टाकला. स्लॅब गळतो म्हणून वर वॉटरप्रूफिंग केले. वॉटरप्रूफिंग गळते म्हणून त्यावर पुन्हा पत्रे घातले. छपरे आली आणि गेली. गळती वाड्याच्या मूळ मालकापासून जशीच्या तशी वारसाहक्काने चालत आली आहे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘बादली, जस्ती, नग १, गळतीसाठी’ अशी नोंद आहे. त्यापुढे ‘गळकी’ असा शेरा आहे.

गळतीच्या बरोबर खाली कोणते कपाट असावे हा प्रश्नही या संस्थेने वेळोवेळी गांभीर्याने हाताळला आहे. प्रथम तिथे धार्मिक ग्रंथ होते. पोथ्या भिजल्यावर गावात कुजबुज झाली. मग ‘कवितासंग्रहांस मागणी नसल्याने ते तेथे हलवावेत’ असा ठराव झाला. समितीतल्या एका कवींनी लेखी विरोध नोंदवला. विरोध मुक्तछंदात असल्याने तो नक्की कशाला आहे हे कोणाला कळले नाही आणि ठराव बहुमताने मंजूर झाला. त्या कपाटातली पुस्तके आता उघडत नाहीत. एकेक संग्रह सलग वडीसारखा झाला आहे.

तळमजल्यावर भाडेकरू आहेत. एक शिंपी आणि एक पिठाची गिरणी. वाचनालयाखाली गिरणी कोणत्या समितीने घातली हे बहुधा गहाळ पुस्तकातच असणार. सकाळी गिरणी सुरू झाली की वरची कपाटे थरथरतात, ज्ञानकोशाचे खंड हळूहळू पुढे सरकतात, आणि महिन्यातून एकदा ग्रंथपाल बाई त्यांना हाताने मागे ढकलतात. बाजरी दळायला आली की वरचे वृत्तपत्र झटकून वाचावे लागते. भाडे महिना चौदा रुपये. १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी मुंबई प्रांताचा भाडे नियंत्रण कायदा आला. देशाचे पुढे काय झाले यावर मतभेद आहेत, पण भाडेकरू पूर्ण स्वतंत्र झाला. १९९९ च्या नव्या कायद्याने मालकाला वर्षाला चार टक्के भाडेवाढ करता येते. आमच्या कोषाध्यक्षांनी तत्परतेने हिशेब मांडला : चौदा रुपयांचे चार टक्के म्हणजे छप्पन पैसे. छप्पन पैशांची नोटीस काढायला वकिलांनी पाचशे मागितले. हा विषय क्रमांक पाच झाला.

वरच्या मजल्यावर सभागृह आहे. ते व्याख्यानांसाठी बांधले. व्याख्यानाला बारा माणसे येतात आणि साखरपुड्याला अडीचशे, हे अर्थशास्त्र लक्षात आल्यापासून सभागृहात साखरपुडे, बारशी, योगवर्ग आणि ‘साड्यांचा भव्य सेल’ असतो. प्रत्येक कार्यक्रमाला चार कपाटे जिन्याखाली जातात आणि तीन परत येतात. जिन्याखालच्या पुस्तकांना आमच्याकडे ‘संदर्भ विभाग’ म्हणतात. एकदा तिथे संदर्भ शोधायला वाकलेल्या संशोधकाला मांडववाल्याचा माणूस समजून कोणीतरी खुर्च्या उचलायला सांगितल्या. भला माणूस, त्याने उचलल्या. जेवूनही गेला.

डॉ. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली. चौथे, वाचकाचा वेळ वाचवावा. आमच्या वाचकांना हे सांगितले तर ते दुखावतील. वेळ घालवायला दुसरी जागा नाही म्हणूनच ते येतात. पाचवे, ग्रंथालय सतत वाढत असते. हे मी बाईंना वाचून दाखवले. बाईंनी जिन्याखाली बघितले, माळ्याकडे बघितले, लोणच्याच्या खोलीकडे बघितले आणि म्हणाल्या, “वाढतं हो. पण कुठे?”

सरकारने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले. आमचे वाचनालय ‘ब’ वर्गात आहे. ‘अ’ मध्ये जाण्याची महत्त्वाकांक्षा आणि ‘क’ मध्ये जाण्याची भीती यांच्यामध्ये ते कित्येक वर्षे ताठ उभे आहे. तपासणीच्या दिवशी इमारतीचा चेहरामोहरा बदलतो. बादली माळ्यावर जाते. गिरणीवाल्याला दोन तास दळण बंद ठेवायची विनंती होते. तो त्याचे भाड्यातून वजा करतो. आम्हा सभासदांना ‘वाचक म्हणून उपस्थित राहावे’ असे निरोप जातात. गेल्या खेपेस मी बालविभागात कमी माणसे होती म्हणून तिथे बसलो. तपासणी अधिकाऱ्यांनी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या चित्रमय पुस्तकाकडे पाहिले आणि काही न बोलता वहीत काहीतरी लिहिले. वर्ग टिकला.

खरे सांगायचे तर आज ही इमारत उभी आहे ती ना ग्रंथांवर, ना अनुदानावर. ती अभ्यासिकेवर उभी आहे. मागच्या लांबट खोलीत स्पर्धा परीक्षांची मुले बसतात. पहाटे येतात, रात्री जातात, डबा खातात, दुपारी टेबलावर डोके ठेवून झोपतात, आणि वाचनालयाच्या एकाही पुस्तकाला हात लावत नाहीत. पुस्तके त्यांची त्यांनी आणलेली असतात. त्यांना फक्त टेबल, पंखा, वाय-फाय आणि शांतता हवी असते, आणि त्यासाठी ती दरमहा जे पैसे देतात त्यातून बाईंचा पगार वेळेवर होतो. अनुदान हप्त्याने येते, आणि हप्त्यालाही स्वतःची वेळ असते. सावकारांची तसबीर आता याच खोलीत आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुले तिला नमस्कार करून जातात. एक मुलगा विक्रीकर निरीक्षक झाला तेव्हा त्याने पेढे आणले आणि हारही घातला. मृत्युपत्रातली निदान एक अट पाळली जाते आहे.

आणि आता पुनर्विकास. एका बिल्डरने रंगीत चित्र आणून दिले आहे. सात मजले, खाली दुकाने, मधे फ्लॅट, चौथ्या मजल्यावर ‘अत्याधुनिक ग्रंथालय’. चित्रात काचेची भिंत आहे, कुंड्या आहेत, एक गोरी बाई लॅपटॉप घेऊन बसली आहे. पुस्तक कुठेही नाही. समितीत लगेच दोन तट पडले. एक म्हणतो वास्तू वाचवा, दुसरा म्हणतो वास्तूतून वाचा. अध्यक्षांनी लिफ्ट किती माणसांची, असे विचारले. कार्यवाहांनी सभागृह किती मोठे, असे विचारले. कोषाध्यक्षांनी गिरणीवाला कुठे जाणार, असे विचारले. त्याला तळमजल्यावर दर्शनी गाळा, मालकी हक्काने. बाईंनी एकच प्रश्न विचारला, “वर पाचवा मजला कोणाचा? न्हाणीघर कुठे येतं त्यांचं?”

बिल्डरने नकाशा उलगडला. न्हाणीघर बरोबर कवितांच्या कपाटावर येत होते.

विषय पुढील सभेकडे वर्ग करण्यात आला आहे. माझा इतिहासही त्यामुळे तूर्त इथेच थांबतो. स्मरणिका छापायला जाण्यापूर्वी वाचकांना एक विनंती. कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा पणजोबांच्या कपाटात लाल कापडी बांधणीचे, ‘इतिवृत्त, पुस्तक दुसरे’ असे लिहिलेले बाड असेल, तर कृपया वाचनालयात आणून द्यावे. विलंब शुल्क माफ करण्याचा ठराव झालेला आहे. वेळ सकाळी आठ ते अकरा, सायंकाळी पाच ते आठ. सोमवारी बंद. पावसाळ्यात येताना मागच्या जिन्याने यावे.